दोन्हींचा तास एकच

आगोटीचे वाटे या वर्षी कल्पितानं घालायचे, असं येसूबाईंनी सकाळच्या चहालाच सांगून टाकलं आणि रुचिकाचा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

चुली वेगळ्या होऊन नऊ वर्षं झाली होती. थोरला तुकाराम आणि रुचिका वरच्या मजल्यावर, केतन आणि कल्पिता खाली म्हाताऱ्यांजवळ. पण आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी अजून एकत्र यायची, थळच्या त्याच अंगणात एकत्र वाळायची आणि मग तिचे तीन वाटे व्हायचे. एक वरचा, एक खालचा, एक रेवदंड्याला दिलेल्या नणंदेचा. वाटे घालायचं काम आजवर सासूबाईंचं. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि त्यांनी थोरल्या सुनेला डावलून धाकटीकडे सूप सरकवलं होतं.

"नियम म्हायत हाय ना? वाटे घालील तिनं शेवटाला उचलायचा."

"माहीत आहे, आई."

एरवी कल्पिताला हा मान सुखावून गेला असता. आज तिचं लक्ष सुपात नव्हतं. गुरुवारी अलिबागच्या ज्युनिअर कॉलेजात तिनं एक गोष्ट केली होती आणि आज शनिवार उजाडला तरी ती कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. लेकीला, प्राप्तीला तर नाहीच.

घडलं ते अगदी साधं होतं. प्रवेश पक्का करायला दोघी मायलेकी गेल्या होत्या. प्राप्ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला बाहेर पळाली आणि नेमकं तेव्हाच खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "गणित की जीवशास्त्र?" दोन्ही चालतील का, असं कल्पितानं विचारून पाहिलं. "नाही हो मॅडम. आमच्याकडे दोन्हींचा तास एकच. एक काहीतरी सांगा, मागं रांग आहे."

घरून ठरवून निघाल्या होत्या जीवशास्त्र. कल्पिताच्या तोंडून निघालं, "गणित."

ठाम आवाजात निघालं, तेच तिला राहून राहून बोचत होतं. सही केली, पावती पर्समध्ये घातली. प्राप्ती परत आली तेव्हा म्हणाली, "झालं सगळं. चल, भूक लागली असेल." मुलीनं विश्वासानं मान डोलवली आणि वडापाव खायला पुढे झाली.

वेळ आली की सांगू, असं कल्पितानं स्वतःला समजावलं होतं. तुकड्यांच्या याद्या सोमवारी लागणार होत्या. म्हणजे रविवार हातात होता.

ती काही उगाच घाबरलेली बाई नव्हती. ती स्वतः बी.एस्सी. होती, प्राणीशास्त्रात पहिल्या वर्गात. त्या पदवीवर तिला सोळा वर्षांत मिळालं काय, तर सातवीपर्यंतच्या मुलांच्या शिकवण्या. आपण आवडीनं घेतलेल्या विषयानं आपल्याला कुठे आणून बसवलं, हे रोज बघणाऱ्या आईनं मुलीलाही तोच रस्ता धरू द्यायचा का? आणि इथे तर समोर एक उघडं दार होतं. बाबांचा दाखला.

सासरे चांगदेव सकाळपासून तो दाखला मांडीवर घेऊनच बसले होते. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, हिरव्या फायलीत. कारखान्यासाठी घरची जमीन मिठागरासकट गेली तेव्हाचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला. घराला मिळून एकच, आणि तो एकदाच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर चढणार. भरतीत त्याला वजन होतं. नातवंडं दोन, तुकारामचा प्रज्योत आणि केतनची प्राप्ती. कुणाचं नाव घालायचं ते आज आगोटीला सगळे जमल्यावर सांगतो, असं म्हाताऱ्यानं महिनाभर आधीच जाहीर केलं होतं. सगळे म्हणजे काय, तुकाराम ट्रेलर घेऊन गुजरातला होता आणि नणंदेनं येत नाही म्हणून कळवलं होतं. पण म्हाताऱ्याला तेवढे पुरेसे होते.

"मी मॅट्रिकला गनितात आठ मार्कांनी गेलो," त्यांनी सुरुवात केली. ही गोष्ट घरातल्या भिंतींनाही पाठ होती. "भरतीला मॅट्रिक पास पायजे व्हता. जमीन आमची, नि मी गेटाच्या भायेर. आठ मार्क!"

"बाबा, आता परत ते आठ मार्क नको," केतन म्हणाला. टँकर धुवून नुकताच आला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"तुला टँकर मिलाला म्हनून तुला हसू येतं. ऐका. प्राप्तीला दहावीला एक्क्यान्नव टक्के हायत. ती गनित घेऊन इंजिनेर व्हनार असेल तर दाखला तिच्या नावावर. न्हाय घेत, तर प्रज्योतच्या. तो आयटीआय करतोय, फिटर तर फिटर."

बोंबलांची चवड उचलता उचलता रुचिका थांबली. कल्पितानं ते टिपलं. घरात कुणाचा हात कधी थांबतो हे टिपायची तिला सवयच होती. गेली दोन वर्षं जी बाई प्राप्तीला 'जरा पोळ्या लाटायला शिक' असं म्हणायची, तिचा आवाज आज एकदम मधात बुडाला.

"पण बाबा, पोरीच्या मनाविरुद्ध कशाला? आपल्या प्राप्तीला बायोची किती आवड आहे! डॉक्टर होईल ती. आपल्या घरातली पहिली डॉक्टर. मी तर आत्तापासून सांगते सगळ्यांना."

"आई, बस ना," प्रज्योत पुटपुटला. तो ओट्यावर बसून बांगडे उलटत होता. एकोणीस वर्षांचा, तेलकट नखांचा, आणि आईच्या गोड बोलण्यानं कान लाल झालेला.

"डॉक्टर कोण म्हणालं, काकू?" प्राप्तीनं विचारलं.

"मग? बायो घेऊन काय करणार?"

"फिशरीज. रत्नागिरीला कॉलेज आहे. चार वर्षांची डिग्री असते. त्याला बायो लागतंच."

येसूबाईंच्या हातात सुक्या वाकट्यांची जुडी होती. त्यांनी ती एकदा पाहिली, नातीला एकदा पाहिलं, आणि त्या अशा हसायला लागल्या की पदर तोंडावर घ्यावा लागला. "अगो, मासली शिकाया कालिज? चार वर्सं? इथं बस माझ्याजवल, चार दिसांत शिकवितंय. फी नको देऊस."

केतनही हसला. रुचिका हसली. चांगदेव हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

प्राप्तीचं नाक लाल झालं. रडेल असं कल्पिताला वाटलं. पण ती रडली नाही.

"आजी, गेल्या वर्षी खाऱ्या बांगड्यांवर गुलाबी थर आला होता, आठवतंय?"

"आठवतं तर! त्या कृष्णाबाईनं शिली मासली दिली. म्हनून तर तिच्याकडनं घेनं बंद केलं. दारात उभी न्हाय केली तिला वर्सभर."

"मासळी शिळी नव्हती. तो गुलाबी रंग मिठातून आला. उन्हात पिकवलेल्या मिठात एक जिवाणू असतो, त्याला खारटपणाच लागतो जगायला. मीठ भाजून घेतलं असतं तर आला नसता. आपण आपल्याच आगरातलं मीठ तसंच चोळलं."

मिठागर गेलं तरी शेवटच्या पिकाची बारा पोती चांगदेवांनी माळ्यावर देवासारखी जपून ठेवली होती. आजवर घरात कुणी त्या मिठाला नाव ठेवलं नव्हतं.

"माझ्या मिठात किडे हायत म्हनतेस?"

"किडे नाही, आजोबा. जिवाणू."

"तेच ते!"

कल्पिता सुपाकडे बघत राहिली. गेल्या वर्षी तो गुलाबी थर पाहताच तिलाही हेच वाटलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं ते. कृष्णाबाई पाटी डोक्यावर घेऊन दारात शिव्या खात उभी होती तेव्हा ते बोलायला हवं होतं. ती बोलली नव्हती. मुलीनं ते पुस्तक कधी वाचलं कोण जाणे. घरात बाकी कुठून येणार होतं ते?

"इतकी हुशार हायस तर ऐक," चांगदेव खुर्चीच्या दांड्यावर रेलून उठायला लागले. "आत्ता सांग. समद्यांसमोर. गनित घेतंस का न्हाय?"

"नाही."

"दाखला जाईल."

"प्रज्योतदादाला द्या. त्याला उपयोग आहे."

रुचिकानं लगेच पुढे होऊन तिच्या केसांवरून हात फिरवला. "शहाणी ग माझी बाय." कल्पिताला उद्या सांगायचं ते आज सांगावं लागणार होतं, आणि कसं सांगायचं ते अजून जुळत नव्हतं. तिनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात प्रज्योतचा फोन वाजला.

"अरे, तुमच्या कॉलेजची यादी आली ग्रुपवर. माझा मित्र आहे ना तिकडे, त्यानं टाकली." त्यानं हात पँटला पुसले. "सोमवारची आजच लावली. दुरुस्ती असेल तर आज चारपर्यंत, पालकांनी स्वतः यावे. थांब, तुझं नाव बघतो." तो अंगठ्यानं खाली खाली गेला. मग थांबला. परत वर गेला. "जीवशास्त्रात नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं. तू गणितात आहेस. एकशे चार नंबर."

सगळ्यांत आधी चांगदेव सावरले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! बोलते एक नि करते शानपनाचं. माझीच नात हाय."

"म्हणजे आमच्यासमोर नाटक चाललं होतं?" रुचिकाचा हात प्राप्तीच्या केसांवरून कधीच खाली आला होता. "दादाला द्या, दादाला द्या म्हणत!"

"मी नाही भरलं," प्राप्ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, तिनं मान वळवली. "आई?"

खोटं बोलायला जागा होती. क्लार्कची चूक म्हणता आलं असतं, आणि कुणी खोदून विचारलंही नसतं. कल्पिताला ती जागा लख्ख दिसली.

"मी सांगितलं गणित," ती म्हणाली. "तू झेरॉक्सला गेली होतीस तेव्हा."

"आणि मला म्हणालीस झालं सगळं."

"हो."

"बरं केलंस की मग!" केतननं खुर्ची ओढली. मघाशी बापाला चिडवणारा केतन आता सरळ बापाच्या शेजारी जाऊन बसला. "मी म्हणणारच होतो. हौस वेगळी, पोट वेगळं. तूच बघ ना कल्पे, तुझं काय झालं त्या बायोनं."

ते तिचंच वाक्य होतं. रोज मनात घोळवलेलं. पण त्याच्या तोंडून आल्यावर ते तिला एकदम उष्टं लागलं.

"धाकटी सून शानी निघाली," चांगदेव म्हणाले. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यांनी तिची अशी वाहवा पहिल्यांदाच केली होती.

"शहाणी नाही तर काय," रुचिका म्हणाली. "माझ्या पोराच्या तोंडचा घास गुपचूप काढून घेतला नि वर तीन दिवस आमच्याबरोबर बोंबील वाळवत बसली."

"आई, असं नको बोलूस," प्रज्योत म्हणाला. "मला नको तो दाखला. भांडून तर नकोच."

या सगळ्या कालव्यात प्राप्ती खाली बसली आणि प्रज्योतनं सोडलेले बांगडे उलटायला लागली. एक, मग दुसरा, मग तिसरा.

"प्राप्ती," कल्पितानं हाक मारली.

"ठीक आहे, आई. राहू दे गणित."

"अगं पण..."

"राहू दे म्हटलं ना. शंभरपैकी शंभर पाडीन. तुला दाखला मिळेल, आजोबांना इंजिनिअर मिळेल. मला विचारू नका फक्त. यापुढे काहीच विचारू नका." आवाजात राग नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीचा तो आवाजच नव्हता. घराशी व्यवहार मिटवून टाकलेल्या बाईचा होता. कल्पितानं असाच आवाज एकदा स्वतःच्या गळ्यातून ऐकला होता, याच घरात, नोकरीचा विषय शेवटचा निघाला होता तेव्हा.

जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. गणित, दाखला, सासऱ्यांची शाबासकी, नवऱ्याची साथ. आणि तिला मुलीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

येसूबाईंनी वाकट्यांची जुडी सुपात टाकली आणि धाकट्या सुनेकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"काय गो. वाटे तूच घातलेस नि पयला उचललास बी तूच?"

त्या मासळीबद्दल बोलत नव्हत्या, हे अंगणात सगळ्यांना कळलं.

कल्पिता उठली. हात नळाखाली धरले, पदराला पुसले. "बाबा, दाखला प्रज्योतच्या नावावर करा."

"आता तुझं काय फिरलं?"

"प्राप्तीनं सगळ्यांसमोर सांगितलंय. जीवशास्त्र. ते मी बदललं, मीच नीट करून येते. चारपर्यंत मुदत आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का?" केतन उभा राहिला. "हातातला दाखला सोडतेस? उद्या पोरगी तुझ्यासारखी शिकवण्या घेत बसली तर मला सांगायला येऊ नको."

"तिलाच सांगेन. गाडीची चावी द्या."

"माझी गाडी नाही मिळणार या कामाला."

पावणेतीन झाले होते. रिक्षा फाट्यापर्यंत चालत गेल्याशिवाय मिळत नव्हती. रुचिका जिना चढून वर गेली, खाली आली आणि स्कूटरची चावी कल्पितासमोर धरली. "टाकीत पेट्रोल आहे." तिच्या डोळ्यांत प्रेम नव्हतं. तिला तिच्या मुलाचं हित दिसत होतं आणि तिनं ते लपवलंही नाही. कल्पिताला त्या क्षणी तीच या अंगणातली सगळ्यात सरळ बाई वाटली.

"चल," ती प्राप्तीला म्हणाली.

"मी कशाला? सही तुझीच लागते."

"सही माझी लागते. पण तू समोर नसताना मी आता एक अक्षर लिहिणार नाही."

प्राप्ती बसून राहिली. तीन बांगडे आणखी उलटले. प्रज्योतनं तिच्या हातातला चौथा काढून घेतला. "जा ना, शाणे. मी बघतो हे."

स्कूटरवर प्राप्ती मागे बसली होती, पण आईच्या खांद्याला धरलं नव्हतं. हात मागच्या दांडीवर. फाट्याच्या वळणावर कल्पितानं मुद्दाम ब्रेक जरा जोरात दाबला, तरीही हात पुढे आला नाही.

कॉलेजच्या खिडकीसमोर अकरा जण होते. त्यांची पाळी आली तेव्हा चाराला दहा कमी होते. क्लार्कनं पावती पाहिली आणि मग कल्पिताला पाहिलं.

"मॅडम, परवा तर तुम्ही एकदम ठाम होता."

"हो."

"हा अर्ज. इथे विषय, इथे कारण. कारणात नजरचूक लिहा, सगळे तेच लिहितात."

कल्पितानं पेन टेकवलं. नजरचूक लिहिणं सोपं होतं. कॉलेजच्या साहेबांना चालणारं होतं, घराची लाज झाकणारं होतं. तिनं लिहिलं: *विद्यार्थिनीला न विचारता पालकाने विषय भरला.* अक्षर वाकडं आलं. विषयाची जागा तिनं कोरी ठेवली.

क्लार्कनं कागद उलटा वाचला आणि कान खाजवला. "असं कुणी लिहीत नाही हो."

"चालेल ना?"

"चालेल म्हणा. पण विषय कुठे लिहिलात? जीवशास्त्राच्या दोनच जागा राहिल्यात. आणि एकदा बदललं की परत बदल नाही, बारावी होईपर्यंत. नक्की काय?"

त्यानं विचारलं ते कल्पिताला. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, या खेपेला बरोबर असलेलं. ते तिनं गिळलं आणि खिडकीसमोरून एक पाऊल बाजूला सरकली.

प्राप्ती पुढे आली. बोटांना अजून बांगड्यांचा वास होता. तिनं ओठ उघडले, मिटले. अंगणात सगळ्यांना तडातड उत्तरं देणारी मुलगी आता खिडकीचा गज धरून नुसती उभी राहिली. दाखला गेला होता. आता कुणी अडवत नव्हतं, कुणी ढकलतही नव्हतं. तिला भीती वाटतेय, हे कल्पिताला पाठीवरूनच कळलं. पोरीलाही भीती वाटत असेल हे इतक्या दिवसांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घाबरणं म्हणजे जणू तिचं एकटीचं काम.

"बाळा, लवकर. शटर लावायचंय."

कल्पितानं पर्सचा पट्टा मुठीत आवळला. बोलायचं नाही. काही झालं तरी बोलायचं नाही. मागचा माणूस खोकला. घड्याळाचा काटा सरकला.

"जीवशास्त्र," प्राप्ती म्हणाली.

"काय? मोठ्यानं."

"जीवशास्त्र. मी लिहू का ते?"

क्लार्कनं खांदे उडवले. प्राप्तीनं कोऱ्या जागेत विषय लिहिला. मग अर्ज खिडकीतून आत सरकवायच्या आधी ती तो वरपासून खालपर्यंत वाचू लागली. कारणाच्या ओळीवर तिचं बोट थांबलं, आणि बराच वेळ तिथून हललं नाही. क्लार्क कुरकुरला. ती ओळ तिनं पुन्हा वाचली.

मग तिनं पेनाचं टोक स्वतःकडे वळवलं आणि ते आईसमोर धरलं.

"सही," ती म्हणाली. "इथे."